वाड्यातली भुते

जुनी वास्तू आणि भूत यांची जोडी जगभर आहे. विलायतेत एखादा जुना गुत्ता असला, की त्याच्या तळघरात कुणी ना कुणी फिरत असतेच म्हणे! मालकही ते कौतुकाने सांगतो. गिऱ्हाईक वाढते ना! आपल्याकडे हा मान वाड्यांचा आणि गढ्यांचा.

पुण्याचा शनिवारवाडाच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना ठार मारले. निमित्त थकलेल्या पगाराचे. पण रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो चुलते रघुनाथरावांवर. वाडा १८२८ साली जळाला. तरी अवसेपुनवेला ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते, असे सांगणारे आजही भेटतात.

आता आमचे सांगोले पाहा. यमाजी शिवदेवाचा बंदोबस्त करायला १७५० साली सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन येथे आले. त्याच सप्टेंबरात छत्रपतींनी राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती देण्यास संमती दिली. साताऱ्याची सत्ता पुण्याला गेली. केवढी ही उलथापालथ! पण त्या करारावरून येथे कुणाचे भूत रडते, असे काही माझ्या कानी आलेले नाही. शाई वाळली की लोक विसरतात. रक्त विसरत नाहीत.

आपल्या भुतांची नावेच बघा. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच जो गेला, तो मुंजा. बाळंतपणात दगावली, ती अळवंतीण. पुरलेल्या धनात जीव अडकला, तो समंध. म्हणजे भूत ही गावाची आठवणच म्हणायची. जे अर्धवट राहिले, ज्याला दाद मिळाली नाही, ते गोष्टीत जाऊन बसते.

माळावरच्या चकव्याचे मात्र वेगळे. वाटसरू रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच बाभळीखाली येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतील शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावले. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला, की माणसे नकळत वळत वळत गोल फिरू लागली. चकवा बाभळीत नसतो, आपल्याच पायांत असतो!

गोष्ट गोष्टीसारखी ऐकावी, अंगावर काटाही येऊ द्यावा. पण ‘हिला झपाटलंय’ म्हणून घरच्या लेकीसुनेला साखळीने बांधले, मिरचीची धुरी दिली, तर ती गोष्ट राहत नाही. असल्या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी कायदा झाला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेला असा छळ हा गुन्हा ठरला.

नारायणरावांची हाक त्या दिवशी वाड्यात कुणी मनावर घेतली नाही. आता ती पडक्या तटापाशी ऐकण्यात काय अर्थ? शेजारच्या घरातून तशी हाक आली, तर ती भुताची नसते, एवढे ध्यानात ठेवू या, आणि लगेच उठून दार ठोठावू या.