आसन आणि आचरण

(आगाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जागतिक व्यासपीठावर उच्चासनी बसलेल्या राष्ट्रांचे स्वतःचे आचरण कसे असते, हा प्रश्न आगाशीत विचारणे अस्थानी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे गाव जाळले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि हा प्रदेश त्या सत्तेतून मुक्त झाला. गोमंतकाला मात्र आणखी २२२ वर्षे वाट पाहावी लागली.

त्यातील १९५५ हे एकच वर्ष पाहा. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक वीरांनी हौतात्म्य पत्करले. चारच महिन्यांनी, १४ डिसेंबरला, पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात सन्मानाने प्रवेश मिळाला. महासत्तांच्या गटांत तडजोड झाली होती आणि सोळा देश एकाच वेळी आत घेतले गेले. हुतात्म्यांचे रक्त त्या हिशेबात कोठेच नव्हते. उलट २२ डिसेंबरला पोर्तुगालनेच हेगच्या न्यायालयात भारताला आरोपी केले. मागणी होती दादरा-नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गाच्या हक्काची!

हेच राष्ट्र नाटोचे संस्थापक सदस्य होते. ‘आमच्या वसाहती नाहीत, सागरापारचे प्रांत आहेत,’ असा त्याचा दावा होता. मोहन रानडे यांना तर गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या कारागृहात खितपत पडावे लागले. १९६९ साली त्यांची सुटका झाली.

काळ बदलला, रीत बदलली नाही. २००३ साली मानवाधिकार आयोगाचे अध्यक्षपद गद्दाफींच्या लिबियाकडे गेले. पाळी आफ्रिकेची होती. बाजूने ३३ मते, विरोधात अवघी ३ आणि १७ तटस्थ! २००६ मध्ये तो आयोग मोडून परिषद स्थापन झाली. २०११ मध्ये आमसभेला त्याच लिबियाचे परिषदेवरील सदस्यत्व स्थगित करावे लागले. आसन मतांच्या बेरजेने मिळते, आचरणाने नव्हे, हाच याचा अर्थ.

मग या संस्थांकडे पाठ फिरवावी काय? नाही. १९६० साली आमसभेने ‘प्रांतां’चा दावा फेटाळला, आणि हेगच्या न्यायालयानेही सशस्त्र सैन्य नेण्याचा हक्क नाकारून भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचा निर्वाळा दिला. भारताने आपली बाजू पुराव्यानिशी, चिकाटीने मांडली होती.

आणि एक शेवटचे. २०२५ मध्ये भारतही मानवाधिकार परिषदेवर निवडून आला. जो मापदंड आपण पोर्तुगालला लावला, तोच आपल्या पोलीस कोठडीला, आपल्या कारागृहांना, गावकुसाबाहेरच्या आपल्या बांधवाला मिळणाऱ्या वागणुकीला लावण्याचे धैर्य आपल्यात हवे. आसन जगाने दिले आहे. त्याची प्रतिष्ठा आपल्या आचरणावरच ठरेल.