लेकराला खरं सांगा

मायबापहो, आळंदीला गेलात की समाधीचं दर्शन घेता, इंद्रायणीत पाय बुडवता. सिद्धबेटावर किती जण जातात? फार थोडे. तिथं चार लेकरांचं घर होतं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी धर्मसभेच्या शब्दाखातर देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मागं राहिले निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. रूढ परंपरेनं ज्ञानोबांचा जन्म सन १२७५ चा, मुक्ताईचा १२७९ चा. म्हणजे पोरंच की हो! आईबाप गेले आणि गाव विचारतंय काय? शुद्धिपत्र कुठंय? त्यासाठी लेकरांना पैठणपर्यंत पायपीट. 'बाळा, जेवलास का' हे विचारणारं कोण होतं?

आपण म्हणतो, ते देव होते, त्यांना कसलं दुःख. असं म्हणू नका. लोकांच्या बोलण्यानं ज्ञानोबा इतके दुखावले की ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहिली ती सगळ्यांत धाकटी मुक्ताई. दार उघडेपर्यंत ती तिथून हलली नाही. ताटीचे अभंग आपण चालीवर म्हणतो, पण ते पोरक्या बहिणीनं पोरक्या भावाला घातलेलं साकडं आहे, हे ध्यानात ठेवून म्हणा.

आता आपल्या घरी या. बाप गेला की पोराला शेजारी नेऊन बसवतात. विचारलं तर सांगतात, 'बाबा गावाला गेले.' मग ते पोरगं रोज एसटीची वाट बघतं! कुणी म्हणतं, 'झोपले.' मग ते रात्री झोपायला भितं. 'देवानं नेलं' म्हणालात तर देवावरच रुसतं, आणि त्याचं काय चुकलं हो? सांगायचं सरळ: बाबा वारले. त्यांचं शरीर आता चालत नाही, ते परत येणार नाहीत. लहान पोर हेच पुन्हा पुन्हा विचारील. तुम्हीही पुन्हा पुन्हा सांगा, वैतागू नका. आत्ता रडेल, घटकाभरानं गोट्या खेळेल. त्याला माया नाही असं समजू नका, लेकरू दुःख घोटाघोटानंच पितं.

आणखी एक. 'मी हट्ट केला म्हणून आई गेली' असं पोरांच्या मनात असतं, बरं का. बोलत नाहीत. तुम्हीच म्हणा, 'तुझ्यामुळं काही झालं नाही.' आणि दहाव्याला आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून 'रडू नकोस, आता तूच घरातला कर्ता' म्हणणारे जे पाहुणे असतात ना, त्यांना आधी चहाला बाहेर न्या! घाटावर काय होणार ते पोराला अगोदर सांगा. यायचं म्हणालं तर हात धरून न्या, नको म्हणालं तर ओढू नका. शाळा, जेवण, झोपायची जागा, जमेल तितकं पहिल्यासारखंच ठेवा.

एका दिंडीत आजीबरोबर एक पोरगं होतं. गळ्यात टाळ, मोठ्या माणसाचे, पोटाला लागत होते. सगळे म्हणत, 'दे इकडं, जड होतील.' एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं मात्र विचारलं, 'कुणाचे रे?' 'बाबांचे.' 'कसे वाजवायचे बाबा?' झालं! भंडीशेगावपासून वाखरीपर्यंत पोरगं बाबांबद्दलच बोलत होतं. मधेच रडलं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाला, 'हं, मग पुढं?'