मूडबिद्रीची ताडपत्रे



गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना जे श्रुतज्ञान दिले, तेच पुढे षट्खंडागम म्हणून ग्रंथबद्ध झाले. नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी त्यावर धवला टीका रचली. या टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत शतकानुशतके वेष्टनात बांधलेली होती. ती जुन्या कन्नड लिपीत असल्याने यात्रेकरूंनी दर्शन घ्यावे, मस्तक नमवावे व परतावे, एवढेच घडे. वाचणारा कोणी नव्हता.

१८८३ साली मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद जव्हेरी तेथे गेले आणि जीर्ण पाने पाहून व्यथित झाले. त्यांनी सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्याशी विचारविनिमय केला. पुढे १८९६च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. ते संपायला पाव शतक लागले. ग्रंथ बाहेर जाऊ नयेत अशी तेथील पंचांची इच्छा. परंतु नक्कलकार गजपती उपाध्ये यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने एक प्रत गुप्तपणे उतरविली आणि ती सहारनपूरला पोहोचली. व्यवहाराच्या नीतीने हा विश्वासभंगच. तथापि, पुढील प्रती त्याच प्रतीवरून निघाल्या, हेही नाकारता येत नाही.

अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९मध्ये पहिला भाग मुद्रित झाला. १९५८पर्यंत सोळा भाग पूर्ण झाले. कर्मसिद्धांताच्या अभ्यासाला मूळ आधार मिळाला. गणिताच्या इतिहासकारांनाही नवे दालन उघडले. लखनौचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी ‘अर्धच्छेद’ या संज्ञेकडे लक्ष वेधले. सोळाचे चार वेळा अर्धे केले की एक उरतो, म्हणून सोळाचे अर्धच्छेद चार. हाच आजचा दोन पायाचा लॉगरिथम होय.

वादही पेटला. ९३व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द सुटला असावा, असे संपादकांनी तळटीपेत सुचविले. सूत्र मनुष्यिणीच्या गुणस्थानांविषयी असल्याने प्रश्न थेट स्त्रीमुक्तीपर्यंत जाऊन भिडला. कित्येक पंडितांनी संपादकांना दोष दिला. अखेर मूडबिद्रीची ताडपत्रे उघडून पाहण्यात आली, तेव्हा तो शब्द तेथे होताच! मग ‘मनुष्यिणी’ म्हणजे भावस्त्री, अशा अर्थाने दिगंबर विद्वानांनी त्याची संगती लावली.