परीक्षेनंतरचा पियानो
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या संगीतसभेंत केलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं संगीतावर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. विषय अफाट आहे; तेव्हां त्याच्या एका लहानशा भागापुरतेंच मी बोलणार आहें. आपल्यांतील कित्येक मुलामुलींनीं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजसारख्या संस्थांच्या पियानोच्या परीक्षा वरच्या पायरीपर्यंत दिल्या आहेत. परीक्षा चालू असते तोंवर काय वाजवावें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. यादी छापलेली असते व तींतून शिक्षक निवड करून देतात. परीक्षा संपली कीं यादी संपते. मग बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर त्याच त्या दोनतीन रचना पाहुण्यांपुढें वाजविल्या जातात, नाहीं तर पियानोचें झांकण मिटतें आणि त्यावर फुलदाणी येऊन बसते. दहा वर्षांच्या श्रमांनीं बोटें तयार झालीं, परंतु त्यांना पुढें काम काय द्यावें हें कोणीं शिकविलें नाहीं. नवी कृति निवडणें हीदेखील एक विद्या आहे, आणि आज तिच्याचविषयीं मला बोलावयाचें आहे.

पियानोवादकाचें भांडार केवढें मोठें आहे पहा. स्कार्लात्तीच्या सोनाटा ५५५, बाखचे दोन भागांतील प्रेल्यूड व फ्यूग मिळून ४८ जोड्या, बीथोव्हेनच्या सोनाटा ३२. आणि ही तर नुसती सुरुवात झाली. एखादी मोठी सोनाटा अंगीं मुरण्यास रोजच्या रियाजाचे सहा महिने, कधीं वर्षही लागतें. म्हणजे कृति निवडतांना आपण आपल्या आयुष्याचें एक वर्ष कोणाच्या सहवासांत घालवावयाचें तें ठरवीत असतों. तें केवळ नांवलौकिक पाहून ठरवूं नये.

लौकिकाचेंच उदाहरण घ्या. बीथोव्हेनची १८०१ सालची ‘मूनलाइट’ सोनाटा सर्वांच्या परिचयाची आहे. हें चांदण्याचें नांव त्यानें दिलेलें नाहीं. तें त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाब नांवाच्या टीकाकाराच्या लेखणीमुळें रूढ झालें. त्याच १८०१ सालीं त्यानें ‘पास्टोरल’ म्हणून ओळखली जाणारी शांत, प्रसन्न सोनाटा लिहिली. १८०९ सालीं एफ शार्प मेजरमध्यें अवघ्या दोन भागांची एक गोड सोनाटा लिहिली. ह्या दोन्ही ‘मूनलाइट’च्या मानानें फारच थोड्या घरांत ऐकूं येतात. म्हणून आवडता संगीतकार सोडण्याचें कारण नाहीं. त्याच्या प्रसिद्ध कृतीच्या शेजारचें दार ठोठावून पहावें.

दुसरी गोष्ट हाताची. राख्मानिनोव्हनें आपला तिसरा कॉन्चेर्टो १८०९ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९०९ सालीं, रचला आणि जोसेफ हॉफमन ह्या थोर वादकास अर्पण केला. हॉफमनचे हात लहान होते. त्यांच्यासाठीं स्टाइनवे कंपनीनें किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो तयार केले होते. आपल्याला अर्पण झालेला तो कॉन्चेर्टो हॉफमननीं जाहीर सभेंत कधींच वाजविला नाहीं. म्हणून त्यांची कीर्ति तिळमात्र उणी झाली नाहीं. ज्या रचनेनें मनगट दुखूं लागतें ती, ताण कोठें पडतो हें जाणत्या शिक्षकास दाखवूनही दुखणें थांबत नसेल तर, निःसंकोच बाजूला ठेवावी.

तिसरी गोष्ट, जें कठीण दिसतें तेंच उच्च, ही समजूत. फ्रान्झ लिस्ट ह्यानें १८६५ सालीं रोम येथें कनिष्ठ धर्मदीक्षा घेतली, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच सुमारास त्याच्या दोन ‘लेजंड’ प्रसिद्ध झाल्या. एकींत असिसीचे संत फ्रान्सिस पाखरांना उपदेश करीत आहेत; दुसरींत पाओलाचे संत फ्रान्सिस लाटांवरून चालत आहेत. दुसरींतल्या लाटांच्या गर्जनेनें सभा दणाणून जाते, म्हणून तरुणांची नजर तिच्याकडे प्रथम वळते. परंतु पहिलींतली पाखरांची नाजूक किलबिल स्वच्छ उमटविणें हें कांहीं कमी श्रमाचें काम नव्हे. त्याच लिस्टनें १८८१ सालीं ‘करडे ढग’ ह्या अर्थाच्या नांवाची एक अगदीं लहान रचना लिहिली. तींत बोटांना अडचण अशी कांहीं नाहीं. तरी तिच्यांतील स्तब्धता सांभाळणें प्रौढ वादकालाच साधतें.

चौथी गोष्ट, जें फारसें वाजविलें जात नाहीं तें हलकेंच असलें पाहिजे असें मानूं नये. शूबर्टनें आपली शेवटची सोनाटा १८२८ च्या सप्टेंबरांत पुरी केली आणि नोव्हेंबरांत तो वारला. ती छापली गेली १८३९ सालीं. पुढें विसाव्या शतकांत आर्थर श्नाबेलसारख्या वादकांनीं शूबर्टच्या सोनाटा आग्रहानें वाजविल्या, तेव्हां कोठें त्यांना सभेंत मानाची जागा मिळाली. फेलिक्स मेंडेल्सझोनची बहीण फानी हेन्झेल हिनें १८४१ सालीं बारा महिन्यांवर एक पियानोमाला रचली. मार्चमध्यें ईस्टरचें आणि डिसेंबरमध्यें नाताळचें जुनें जर्मन स्तोत्र तिनें गुंफलें आहे. ही माला प्रथम छापली गेली १९८९ सालीं! आपल्या घरीं नाताळांत हा डिसेंबर कां वाजूं नये?

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. कॉपीराइट संपलेल्या बहुतेक रचनांचीं पानें आज संगणकावर फुकट पहावयास मिळतात, तेव्हां खर्चाची सबब उरली नाहीं. दहाबारा रचना संथ लयींत अथपासून इतिपर्यंत एकदां वाजवून पहाव्या आणि आठ दिवस बाजूस ठेवाव्या. ज्यांचे स्वर न बोलावतां मनांत परत येतील, त्यांचाच विचार करावा. नंतर त्यांतलें सर्वांत बिकट पान आधीं घ्यावें. आठवडाभरांत तें निम्म्या लयींतही सुटत नसेल, तर ती रचना पुढच्या वर्षावर टाकावी. वाद्याचाही विचार करावा. उभ्या पियानोवर एकच स्वर झपाट्यानें पुनःपुन्हां वाजविणें मोठ्या आडव्या पियानोइतकें सुलभ नसतें, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट हवेंत लांकूड फुगून पट्ट्या अडकतात. शेवटीं तीन रचना एकदम हातीं असाव्या : एक आपल्या शक्तीच्या थोडी पलीकडची, एक बरोबरीची, आणि एक पंधरवड्यांत पुरी होणारी. पहिलीनें वाढ होते, दुसरीनें सभा साजरी होते, आणि तिसरीनें पियानोचें झांकण उघडें राहतें.

जातां जातां वडील मंडळींना एक विनंति. मुलगी नवी, अनोळखी रचना वाजवावयास बसली, तर ‘तें नेहमींचें वाजव’ असें म्हणूं नका. ती पुरी ऐका, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागा. यादी संपल्यावर वादकाला पुढें चालविणारें दुसरें कोण आहे? घरांतले कानच.