स्टॅम्पपेपरवर संसार मोडत नाही, आणि मूल वाटलं जात नाही

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



मी काही वकील नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात तीस वर्षं पाळ्या भरणारा कामगार आहे. शाळा नववीला सुटली. कायद्याची पुस्तकं हातात आली ती आधी युनियनच्या कामामुळं आणि नंतर वस्तीतल्या घरगुती तंट्यांमुळं. जे वाचलं, जे कोर्टाच्या व्हरांड्यात बसून पाहिलं, तेवढंच सांगणार आहे.

पण त्याआधी तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

२००९ साली आपल्याच वस्तीत एका जोडप्याची फारकत झाली. बैठक बसली. पाच पंच होते, त्यात मी एक. माझं अक्षर बरं म्हणून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा मजकूर मीच लिहिला. 'दोघे राजीखुशीने वेगळे होत आहोत. मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. पत्नीस पंचवीस हजार रुपये रोख मिळाले, यापुढे पोटगीचा हक्क राहिला नाही. दोघेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहेत.' खाली पाच सह्या. कोर्टाची पायरी न चढता, वकिलाला पैसा न देता प्रकरण मिटलं म्हणून लोकांनी आमचं कौतुकच केलं.

त्या बैठकीत एका पंचानं सात वर्षांच्या त्या पोराला मधोमध उभं केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "सांग रे, कोणाकडं राहणार? आईकडं का बापाकडं?" पोरानं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "काका, मी खाली खेळायला जाऊ का?" आम्ही हसलो. त्याला जाऊ दिलं आणि त्याच्या माघारी त्याची वाटणी केली.

दोन वर्षांनी ती बाई मुलासाठी वकिलाकडं गेली. तोवर नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि पोराची शाळा सुटून तो चहाच्या गाडीवर कपबशा धूत होता. वकिलानं कागद पाहून विचारलं, "हे कुणी लिहिलं?" तिनं माझं नाव सांगितलं नाही. ही गोष्ट तिनंच मला नंतर सांगितली. त्या रात्री तिसऱ्या पाळीत माझं कामात लक्ष लागलं नाही. त्या दिवसापासून मी स्टॅम्पपेपरवर सही केलेली नाही, आणि आज तुम्हालाही करू नका म्हणून सांगायला उभा आहे.

आता लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न एकेक घेतो.

पहिला प्रश्न असा की, आपण बौद्ध, मग आपल्याला हिंदू विवाह कायदा कसा लागू होतो? हा राग मला समजतो. माझाही होता. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ याचं कलम २ उघडून पाहा. त्यात बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा लागू आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळं आपला धर्म बदलत नाही. विवाह, घटस्फोट, पोटगी यांचा कायदा तेवढा तो राहतो. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण तो होईपर्यंत आपल्या लेकीबाळींनी बिनकायद्याचं राहायचं का? आणि हेही विसरू नका की बाईला घटस्फोटाचा आणि वारसाचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते रखडवलं गेलं, हे १९५१ साली त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा देण्यामागचं एक मोठं कारण होतं. पुढं १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे होऊन वेगवेगळे कायदे झाले. ज्यांचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदलेलं आहे, त्यांचा घटस्फोट मात्र त्या कायद्याप्रमाणं होतो.

दुसरा प्रश्न. पंचांसमोर लिहून घेतलेली फारकत चालते का? नाही चालत. घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानंच होतो. कुणी म्हणेल, कलम २९ मध्ये रूढीनं होणाऱ्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे. बरोबर आहे. पण आपल्यात अशी रूढी पूर्वीपासून सतत चालत आली आहे, हे ज्याला तिचा आधार घ्यायचा त्यानं कोर्टात शाबीत करावं लागतं. आणि बंधूंनो, मी तुम्हाला विचारतो, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण जातीच्या रूढी सोडल्या. लग्न लावताना त्रिशरण-पंचशील घेतो, आणि बायको सोडताना मात्र जातपंचायतीची रूढी आठवते? हे कसलं धम्माचरण?

त्या कागदाचे परिणाम पाहा. पहिलं लग्न कायद्यात तसंच उभं राहतं. म्हणून दुसरं लग्न शून्य ठरतं आणि तो गुन्हाही होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे ती दुसरी बाईही फसली. तिच्या पोटच्या लेकरांना कायदा अनौरस मानत नाही, एवढाच दिलासा. शिवाय कागदावर 'राजीखुशीने वेगळे राहतो' असं लिहिलं की तोच कागद पोटगीच्या वेळी तिच्यावर उलटतो. कारण नवरा-बायको परस्पर संमतीनं वेगळे राहत असतील तर त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही, असं कायद्यातच आहे. आम्ही भलं करायला गेलो आणि विरुद्ध पक्षाला पुरावा लिहून दिला.

तिसरा प्रश्न. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर वाट कोणती? कलम १३-ब. दोघं वर्षभर वेगळे राहत असतील आणि एकत्र राहणं शक्य नाही असं दोघांनाही पटलं असेल, तर दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यानंतर सहा महिने थांबून पुन्हा कोर्टापुढं जायचं. समेटाची काही आशा नसेल आणि पोटगी, मुलांचा प्रश्न मिटला असेल, तर हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं आहे. हुकूमनामा होण्याआधी एकाचं मन बदललं तर तो संमती मागे घेऊ शकतो. संमती एकाचीच असेल तर कारण दाखवावं लागतं. छळ, व्यभिचार, सलग दोन वर्षं टाकून देणं, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी कारणं कलम १३ मध्ये दिली आहेत. नुसतं 'जमत नाही' एवढ्यावर होत नाही. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत, फारच विशेष त्रास असल्याशिवाय, घटस्फोटाचा अर्ज घेतला जात नाही. अर्ज करण्यासाठी बाईला सासरच्या गावी हेलपाटे घालण्याची गरज नाही. ती जिथं राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो.

चौथा प्रश्न पोटगीचा. पोटगीसाठी घटस्फोट व्हायलाच पाहिजे असं नाही. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी बायको, मुलं, म्हातारे आईबाप यांना त्याखाली मागता येतं. घटस्फोट झालेल्या बाईलाही, तिनं दुसरं लग्न करेपर्यंत, मागता येतं. नवरा सांगतो, "मला कामच नाही." म्हणून २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं असं ठरवून दिलं. पोटगीही अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. आईनं कागदावर काहीही सोडून दिलेलं असो, लेकराचा खर्च मागण्याचा हक्क त्यानं बुडत नाही.

मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं. राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्याच कारणावर तिला बाहेर काढता येत नाही.

आता पाचवा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. मूल कोणाकडं?

आपल्यात समज असा की मुलगा वंशाचा, तो बापाचा. मुलगी आईची. कायद्यात असं कुठंही नाही. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलं आहे की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ राहावं, आणि कलम १३ म्हणतं की मुलाचं कल्याण हीच सर्वांत मोठी गोष्ट. बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली सांगितलं. 'बाईला पगार नाही, ती काय सांभाळणार?' हे बोलणं कोर्टात पुरत नाही. सांभाळ तिनं करावा आणि खर्च त्यानं द्यावा, असा हुकूम होतो. पण म्हणून प्रत्येक वेळी आईलाच मिळतं असंही नाही. बाप जास्त चांगलं पाहत असेल तर बापालाही मिळतं. जाणत्या मुलाचं मत न्यायाधीश विचारात घेतात, पण ते त्याला आपल्या दालनात बोलावून शांतपणे विचारतात. आम्ही विचारलं तसं चारचौघांत नव्हे.

ज्याच्याकडं ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो. इथं दोन्हीकडच्यांना हात जोडून सांगतो. "पोटगी देत नाही म्हणून भेटू देणार नाही" आणि "भेटू देत नाहीत म्हणून पोटगी देणार नाही", ही दोन्ही वाक्यं सोडा. दोन्ही वेळा उपाशी राहतं ते लेकरू. ताब्याचा हुकूमही कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर कोर्टाकडं जाऊन तो बदलून मागता येतो.

सहावा प्रश्न म्हणजे पैसा. वकील परवडत नाही म्हणून लोक पंचांकडं येतात. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं स्त्री, मूल आणि अनुसूचित जातीची व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरलं जातं, म्हणजे आपल्यातल्या गरीब पुरुषालाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० हा फोन नंबर लिहून ठेवा. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशक दोघांना बसवून बोलतात. जुळण्यासारखं असेल तर जुळवतात. रिंगवर धागा तुटला तर आम्हीही आधी सांधूनच पाहतो. पण सांधण्यासाठी बाईला मार खायला परत पाठवायचं, याला समेट म्हणत नाहीत.

जाताना कागद न्या. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, तो नसेल तर विहारातला विवाह दाखला, पत्रिका, फोटो. मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड. आणि यापुढं लग्न लागलं की त्याच महिन्यात नोंदणी करा. मंगल परिणयाच्या जेवणावळीला लाख रुपये जातात आणि नोंदणीला आपल्याकडं वेळ नसतो.

त्या बाईचं पुढं काय झालं? विधी सेवेतून वकील मिळाला. अडीच वर्षं तारखा चालल्या. मी तीन रजा टाकून साक्षीला गेलो आणि न्यायाधीशांसमोर सांगितलं की तो कागद माझ्या हातचा आहे आणि तो लिहिणं चूक होतं. मुलगा आईकडं आला. बापाला महिन्याचा खर्च आणि एकाआड एक रविवारची भेट ठरली. पोरगा पुन्हा शाळेत बसला, पण दोन वर्षं खाली. ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकत नाही.

जातकात महोसध पंडिताची कथा आहे. एका लेकरावर दोघी हक्क सांगतात, एक आई आणि दुसरी यक्षिणी. महोसध जमिनीवर रेघ ओढतो, लेकराला रेघेवर ठेवतो आणि ओढा म्हणतो. लेकरू रडायला लागतं तशी आई हात सोडून देते. महोसध मूल तिला देतो. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण आमच्या बैठकीत रेघ आम्ही ओढली, ओढायलाही आम्हीच लावलं, आणि रडणं ऐकायच्या आधीच पोराला खाली खेळायला पाठवलं.

म्हणून विहार समितीला माझी विनंती आहे. या वास्तूत फारकतीचा कागद लिहिला जाणार नाही असा ठराव करा. भांडण आलं तर दोघांना समजवा. मिटत नसेल तर पंच म्हणून सही करू नका, सोबती म्हणून कोर्टात जा. गावातल्या लोकांना न्याय देतो म्हणून बसणाऱ्यांपेक्षा, एका बाईबरोबर तारखेला जाणारा माणूस आपल्याला जास्त हवा आहे. महिला मंडळानं अशा दोन भगिनी आणि दोन बंधूंची नावं आजच लिहून घ्यावीत. पहिलं नाव माझं लिहा. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते.



जय भीम! नमो बुद्धाय!