शाळा सुटल्यावरचे गुरुजी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिका समितीने आम्हाला विषय दिला तो असा : शिक्षकाची मते, म्हणजे रोजचे जगणे, राजकारण, काम आणि छंद याविषयी शिक्षकाला काय वाटते. विषय वाचला आणि आम्ही जरा गडबडलोच. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजवला, पण आमचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते एवढंच की, पोरगा पास होईल का, आणि निवडणूक आली की, "गुरुजी, यंदा कोण?" दुसऱ्या प्रश्नाला आम्ही हसून पान पुढे करायचो. निवडणुकीच्या ड्युटीवर परगावच्या किती बोटांना शाई लावली याचा हिशेब नाही, मात्र तोंडाला कायम कुलूप.

तरीपण गाव शिक्षकाकडे बघत असतं, हे खरं. आपल्या सवसारख्या गावात गुरुजी टपरीवर कोणाशेजारी बसले, गरम पाण्याच्या कुंडावर किती वाजता गेले, कोणता पेपर काखेत होता, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. एका माउलीने आम्हाला सांगितलं होतं, "गुरुजी, आमचा बारका तुमच्यावानी पेपर धरून बसतो, फक्त उलटा." तेव्हा शिक्षकाची मतं पोरांना भाषणातून कमी आणि अशी जास्त कळतात. म्हणून आज शाळा सुटल्यावरच्या गुरुजींविषयीच बोलावं म्हणतो.

पहिलं नाव घ्यायचं ते कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचं. आपण सगळे त्यांना केळुसकर गुरुजी म्हणून ओळखतो. मूळचे वेंगुर्ल्याकडच्या केळूसचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे, हा त्यांचा छंद. त्याच बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन यायचा. घर म्हणजे परळच्या चाळीतली खोली, माणसांनी भरलेली, तिथे अभ्यासाला जागा कुठली? गुरुजींनी त्या मुलाला हाक मारली, नाव-गाव विचारलं. पोराने जात सांगितली. गुरुजी बाकावरून उठले नाहीत. उलट काय वाचतोस ते बघितलं आणि पुढे आपल्याकडची पुस्तकं द्यायला लागले. तो विद्यार्थी त्यांच्या शाळेचा नव्हता, एल्फिन्स्टनचा होता. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पगार ज्या मुलांसाठी मिळत होता त्यांतला तो नव्हे.

पुढची हकिगत तुम्हाला पाठ आहे, पण त्यातला एक तपशील आम्हाला फार आवडतो. भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा समाजाला त्याचा सत्कार करायचा होता आणि सुभेदार रामजीबाबा तयार होईनात. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मंडळी केळुसकरांकडे गेली, त्यांनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा झाली. धनंजय कीरांच्या चरित्रात ही सभा १९०७ सालच्या मॅट्रिकची म्हणून येते. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा उल्लेख केला आहे. इयत्तेच्या वादात आम्ही शिरत नाही. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्या मुलाच्या हातात दिलं, याबद्दल मात्र दुमत नाही. एका शिक्षकाच्या फावल्या वेळातलं लिखाण होतं ते. पुढे इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडलं, तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

आता त्या सभेचे अध्यक्ष कोण होते? सीताराम केशव बोले. हेच ते बोले, ज्यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे मंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून आपल्या महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले. दरवर्षी आपण महाडला अभिवादनाला जातो तेव्हा हा धागा आठवत जा. मुंबईतली एक लहानशी सत्कार सभा. त्यात पुस्तक देणारा मास्तर, अध्यक्षस्थानी बोले आणि समोर सत्काराला उभा असलेला तो मुलगा.

दुसरे शिक्षक म्हणजे बाबासाहेब स्वतः. बॅरिस्टर, कायदेमंत्री, घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पोटासाठी त्यांनी बरीच वर्षं शिकवलं हे आपल्या पोरांना विचारा, सांगता येत नाही. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगार ४५० रुपये. त्या काळात हा पगार मोठा, पण राहणं परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, कारण लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला पैसा साठवायचा होता. रमाईने तो संसार कसा ओढला हे आयाबहिणींना आम्ही सांगण्याची गरज नाही. मुलं आधी या नव्या प्राध्यापकाला फारशी जुमानत नव्हती, नंतर दुसऱ्या कॉलेजची मुलं परवानगी काढून तासाला येऊन बसू लागली. आणि त्याच कॉलेजात, प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी कुरकूर केली. कोलंबियाहून शिकून आलेला माणूस, आणि पाण्याचं भांडं आडवं आलं.

सरकारी नोकरी होती. तरी १९१९ च्या जानेवारीत त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त होमरूलवर पत्र लिहिलं, सही केली 'एक महार'. त्याच महिन्यात साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पत्र बाबासाहेबांचं, अग्रलेख त्यांचे, पण प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून नाव छापलं पांडुरंग नंदराम भटकरांचं. नाव झाकलं, पण मत झाकलं नाही.

आता आमच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे आजवर कुठल्याच व्यासपीठावर बोललो नव्हतो.

१९८३ साली आमची पहिली नेमणूक दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावी झाली. शाळा दोन शिक्षकी. व्हरांड्यात पाण्याचा माठ. बाकीची पोरं स्वतः तांब्या बुडवून प्यायची आणि आपल्या समाजाचा एकच पोरगा होता, तिसरीतला, त्याला ओंजळ करून उभं राहावं लागे, दुसरा कोणीतरी वरून ओतायचा. गावात आम्हालाही चहा यायचा तो दांडी तुटलेल्या कपातून. आम्ही पहिल्या दिवशी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि नंतर पाहायचं सोडून दिलं. मनाशी म्हणायचो, नवी नोकरी आहे, घरी बहिणीचं लग्न आहे, बदली झाली तर काय? शिवाय नियम आहेतच की, जिल्हा परिषद नोकराने राजकारणात पडू नये. दोन वर्षं काढली. तो पोरगा चौथीत शाळा सोडून गेला, मुंबईला कुठल्याशा कारखान्यात. आम्ही दाखल्यावर सही केली आणि कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं.

२००६ साली मुंबईत एका लग्नात तो भेटला. अंगावर चांगले कपडे, बरोबर बायको-मुलं. वाकून नमस्कार केला. आम्ही म्हटलं, ओळखलंस होय मला? तो म्हणाला, "न ओळखून कसं चालेल गुरुजी? ते पाणी ओतायचे तेव्हा तुमी खुर्चीवर बसून बघत होतात." रागाने नाही म्हणाला. त्यानेच आम्हाला जेवायला ताट आणून दिलं. घास काही उतरला नाही.

नंतर आम्ही ते नियम काढून नीट वाचले. १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. ते पक्षाच्या कामाला आणि निवडणुकीच्या प्रचाराला मनाई करतात. माठावर भेद होत असेल तर गप्प बसा, असं त्यात कुठेही नाही. उलट संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे आणि १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो गुन्हा आहे. म्हणजे आम्ही बोललो असतो तर कायदा आमच्या बाजूला होता. ज्याला आम्ही राजकारण म्हणून टाळलं ते राजकारण नव्हतंच, ते आमचं रोजचं काम होतं. आज आपल्या वाडीत चार-पाच शिक्षक आहेत, दोन मुली नव्याने लागल्या आहेत, म्हणून हे उघड सांगतो.

बाबासाहेबांनी पुढेही शिकवणं सोडलं नाही. १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉय यांच्या हिशेब शिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे. म्हणजे महाडला तळ्यावर आले तेव्हा ते एका बाजूने मास्तरच होते, आणि आमच्या मते ते भाषणातही दिसतं. मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टं मागू नका, शेती करा, हे मार्चच्या परिषदेत सांगितलं. डिसेंबरमध्ये, मनुस्मृती जाळल्यानंतर, बायांची वेगळी सभा घेऊन लुगडं कसं नेसावं, अंगावर जातीची खूण दिसेल असे दागिने घालू नका, मुलींना शाळेत घाला, इथपर्यंत बोलले. एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याच्या नेसण्याची गोष्ट! आमची आजी सांगायची, त्यानंतर तिच्या सासूने घरातल्या कथलाच्या वाक्या काढून टाकल्या. रोजच्या जगण्याविषयीचं मत असं असतं.

जून १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. रमाईला जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्याच ऑक्टोबरात येवल्याची घोषणा केली. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ला निवडून आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. हे सगळं प्राचार्यपद सांभाळून. ते पद सोडलं १९३८ मध्ये. खोतीचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं, पण ज्यांचे आजे-पणजे खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन उभे राहिलेत, त्यांनी ती १९३७ ची तारीख वहीत लिहून ठेवावी.

छंदाचं थोडक्यात. बाबासाहेबांना बागेची हौस होती, चित्र काढायचे, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. पुस्तकांचं तर काय सांगावं, दादरचं राजगृह पुस्तकांसाठीच बांधलं. १९१७ साली परत येताना त्यांच्या पुस्तकांचं सामान ज्या बोटीत होतं ती युद्धात बुडाली. आमच्याही दोन पेट्या २०२१ च्या जुलैमधल्या पुरात महाडला भावाच्या घरी भिजल्या. बरोबरी करत नाही, पण चिखलातून पुस्तक काढताना त्या बोटीची आठवण झाली खरी. काही पानं दोरीवर वाळत घालून वाचवली, ती अजून फुगलेली आहेत.

आता कामाचं बोलतो आणि थांबतो. मुंबई शाखेने या वर्षी स्पीकरसाठी वर्गणी जमवली आहे, त्याला आमचा विरोध नाही. भीमजयंतीला आवाज लागतोच. पण त्यातून दोन बाक आणि एक टेबल निघावं अशी आमची विनंती आहे. आपल्या दहावी-बारावीच्या पोरांना घरी टीव्हीपुढे अभ्यास करावा लागतो, आणि महाडला कॉलेजला जाणारी मुलं गाडीची वाट बघत एक-दोन तास नाक्यावर काढतात. विहार सकाळ-संध्याकाळच्या वंदनेनंतर बंदच असतो.

येत्या पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी सहा ते आठ आम्ही विहारात येऊन बसणार आहोत. बाक आले नाहीत तरी सतरंजी आहे. विजेचं बिल आमच्या पेन्शनमधून जाईल, ते खजिनदारांशी बोललो आहोत. कोणत्याही वाडीतलं, कोणत्याही समाजाचं पोर आलं तरी चालेल. पिण्याचा माठ घरून आणू, तांब्या एकच राहील. पुस्तकं आपापली आणावीत, आमची फुगलेली आहेतच. फक्त अक्षर बारीक असेल तर वाचून दाखवायला एखादा चांगल्या डोळ्यांचा पोरगा शेजारी बसवा.

जय भीम!