विमान पुन्हा वर जातं तेव्हा



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या आम्ही चौघी प्रशिक्षणाला दिल्लीला गेलो होतो. येतानाचं तिकीट विमानाचं होतं. चौघींचाही पहिलाच विमानप्रवास. मुंबई जवळ आली, खिडकीबाहेर नुसतं पांढरं. चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला. आता टेकणार म्हणून आम्ही पदर सावरून बसलो, तोच इंजिनाचा आवाज वाढला आणि विमान नाक वर करून पुन्हा ढगात शिरलं. एकीने देवाचा धावा सुरू केला, दुसरीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली. अर्धा तास घिरट्या घालून विमान उतरलं. खाली आल्यावर आम्ही आपसांत म्हणालो, चालवणारा शिकाऊ असणार.

गावी आल्यावर गटातल्या एकीच्या भाच्याला विचारलं. तो विमानतळावर कामाला आहे. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, तो शिकाऊ नव्हता, शहाणा होता." मग त्याने एकेक शब्द समजावून सांगितला. तेच आज तुम्हाला सांगतो.

ढगात, धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. तो समोरच्या यंत्रांवर बघून खाली येतो. धावपट्टीजवळून दोन प्रकारच्या रेडिओ लहरी सोडलेल्या असतात. एकीला म्हणतात लोकलायझर. विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेच्या डावीकडे गेलंय की उजवीकडे, हे ती सांगते. दुसरी ग्लाइड पाथ. विमान उताराच्या वर आहे की खाली, हे ती सांगते. हा उतार साधारण ३ अंशांचा, म्हणजे १ किलोमीटर पुढे गेलं की सुमारे ५० मीटर खाली. घाटातल्या रस्त्यापेक्षाही सौम्य.

पण यंत्रावर विश्वास ठेवून कुठवर खाली यायचं? त्याची हद्द ठरलेली असते. तिला म्हणतात डिसिजन हाइट, म्हणजे निर्णयाची उंची. नेहमीच्या प्रकारात ती धावपट्टीपासून २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर असते. तिथे आल्यावर वैमानिकाने मान वर करून बघायचं. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर क्षणही न दवडता वर जायचं. "अजून थोडं खाली जाऊन बघू" हे चालत नाही. कारण तिथून जमीन पंधरा-वीस सेकंदांवर असते.

वर जाण्याला म्हणतात गो-अराउंड. वर गेल्यावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची, तो मार्गही आधीच आखलेला असतो, म्हणजे डोंगर-टॉवर आडवे येत नाहीत. त्या मार्गाचं नाव मिस्ड अप्रोच. मग आपली पाळी येईपर्यंत आकाशात लांबट घिरट्या घालायच्या, ते होल्डिंग. आणि तरीही हवा निवळली नाही तर दुसऱ्या विमानतळावर जायचं, तो अल्टरनेट. तिथवर पोहोचण्याचं इंधन आणि वर अर्ध्या तासाचं राखीव, एवढं जेट विमानात निघतानाच भरलेलं असतं.

आम्हाला सगळ्यात पटलं ते हे की, हे आकडे ऐनवेळी ठरत नाहीत. खाली यायला सुरुवात करण्याआधीच दोन्ही वैमानिक ते एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवतात. डोकं शांत असताना ठरवायचं आणि घाईच्या वेळी ठरलेलं पाळायचं.

पाळलं नाही तर काय होतं? ७ ऑगस्ट २०२० ची गोष्ट. कोरोनात अडकलेल्या लोकांना घेऊन दुबईहून विमान केरळात कोळिकोडला आलं. संध्याकाळ, पाऊस, आणि डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. पहिल्या खेपेला विमान न उतरता वर गेलं. दुसऱ्या खेपेला पाठीमागून वारा होता. विमान टेकलं तेव्हा जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडली होती. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हटलं होतं. असं कुणीही म्हटलं की वर जायचंच, असा नियम आहे. ते झालं नाही. विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिक धरून २१ जणांचा जीव गेला. चौकशी अहवालात हे सारं नोंदवलं आहे.

भाच्याने हे सांगितल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. अनुभवी माणूस शेजारी असताना धाकट्याने "थांबा" म्हणणं किती अवघड, हे आपल्याला कुणी सांगायला नको. घरात सांगता येत नाही, गटाच्या बैठकीतही जीभ रेटत नाही. म्हणून तिथे नियमच केलाय की, थांब म्हणणारा लहान की मोठा, हे बघायचंच नाही. आम्हीही आता मोठं कर्ज मंजूर करताना आधी मर्यादा ठरवून वहीत लिहितो. आणि एकीनेही शंका काढली तरी त्या दिवशी सही होत नाही.

तर मैत्रिणींनो, तुमचं विमान टेकता टेकता वर गेलं, तर घाबरू नका. पट्टा बांधलेलाच ठेवा, जागेवरून उठू नका. आखातातून येणारा मुलगा मुंबईऐवजी भलत्याच शहरात उतरला, तर वैमानिकाला नावं ठेवू नका. उशीर झाला, पण माणूस घरी आला.

आम्ही मात्र त्या दिवशीच्या वैमानिकाला शिकाऊ म्हणालो होतो. ते शब्द आज या रेडिओवरून मागे घेतो.